एका पावसाचा ठराव

सकाळपासून आभाळ आलंय आणि अमरावतीत जो तो मान वर करून चाललाय. दूधवाला वर बघतो, ऑटोवाला चौकात थांबला की वर बघतो, समोरचे निवृत्त तहसीलदार गच्चीवर जाऊन चारी दिशांची पाहणी करून येतात. यांच्यापैकी एकाचंही वावर भिजायचं नाही, कारण एकालाही वावर उरलेलं नाही. पण वऱ्हाडातल्या माणसाची ऑक्टोबरातली मान अशीच असते. जमीन विकली तरी ती खाली येत नाही.

मीही बघतो. माझंही वावर नाही. मी जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि निवृत्तीनंतर सिनेमावेड्यांच्या एका छोट्या मंडळात जाऊन बसतो. मंडळाच्या चिटणिसांचा परवा फोन आला. पुढच्या महिन्यात विज्ञानपट लावतोय, तेव्हा गंभीर, विचार करायला लावणारा विज्ञानपट कशाला म्हणायचं यावर सरांनी थोडं बोलावं. सर हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं? तेव्हापासून खिडकीशी बसून आहे आणि डोक्यात एकही थोर सिनेमा येत नाही. येते ती कुंदाची झेंडूची पट्टी.

कुंदा माझी धाकटी बहीण. हिवरखेडला दिली. तिचे यजमान वसंतराव कसलेले शेतकरी आहेत. सोयाबीन, त्यावर हरभरा, जोडीला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. घरामागं विहिरीला लागून एक लांबट तुकडा आहे, तो कुंदानं लग्नानंतर काही वर्षांनी भांडून मागून घेतला आणि त्यात झेंडू लावायला लागली. रोप तिचं, निंदण तिचं, तोडा तिचा. दसऱ्याला अकोल्याच्या बाजारात माल कधी पाठवायचा हेही तीच ठरवते. घर, गुरं, बाकीचं शिवार सगळं वसंतरावांच्या नावानं ओळखलं जातं. त्या तुकड्याला मात्र गाव ‘कुंदाबाईची पट्टी’ म्हणतं. तिच्या नावाचं जगात तेवढंच आहे.

ऑक्टोबर हा आमच्याकडचा सगळ्यात भांडखोर महिना. जूनचा पाऊस सगळ्यांना हवा असतो, त्यामुळे त्याच्यावर गाणी होतात. परतीच्या पावसावर कुणी गाणं केलेलं मला माहीत नाही, कारण त्याच्याबद्दल एका घरातल्या दोघांचंही एकमत होत नाही. ज्याच्या कापलेल्या सोयाबीनची गंजी वावरात लागलेली, त्याला थेंबही नको. ज्याची मळणी उरकली आणि आता हरभरा पेरायचा, त्याला जमिनीत ओल हवी. बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीवर पाणी पडलं की कापूस पिवळा पडतो. तुरीला एक सर चालते, फुलोरा आल्यावर तीही चालत नाही. आणि झेंडूचं तर विचारूच नका. भरल्या फुलात पाणी साचलं की दुसऱ्या दिवशी आतून काळं. त्या दिवसांत हिवरखेडच्या रस्त्यानं जाताना सोयाबीनच्या भुशाचा खरखरीत वास नाकात बसतो, दुपारी ऊन पाठ भाजून काढतं, आणि संध्याकाळी पश्चिमेला ढगाचा काळा काठ दिसला की एका ओट्यावरची माणसं खूश होतात आणि दुसऱ्या ओट्यावरची शिव्या घालतात. ढग तोच असतो.

सिनेमातल्या विज्ञानाशी माझं भांडण फार जुनं. अवकाशात यान फुटून मोठा धडाका झाला की मी खुर्चीत चुळबुळ करायचो. तिथं हवा नाही, मग आवाज आला कुठून? आठवीतलं पोरगं सांगेल. बायकोनं एकदा भर थेटरात बजावलं होतं, की चुकाच काढायच्या असतील तर घरी पेपर तपासा, इथं कशाला आलात. तिचं खरं होतं. हळूहळू माझ्याही लक्षात आलं की सगळं शास्त्र बिनचूक असलेले कितीतरी सिनेमे मी घरी येईपर्यंत विसरून गेलो. निळा उजेड, टकलू शास्त्रज्ञ, भिंतभर लुकलुकणारे दिवे, शेवटच्या क्षणी वाचलेली पृथ्वी. पृथ्वी वाचली याचं मला कधी काही वाटलं नाही. वाचणारच होती ती. तिच्यावर राहणाऱ्या एकाही माणसाच्या घरात दुसऱ्या दिवशी स्वयंपाक कुणी केला, हे त्या सिनेमात कुणी विचारत नव्हतं.

मृणाल ही कुंदाची एकुलती एक लेक. पुण्याला सिनेमा शिकली आणि एका सप्टेंबरात दोन मित्र आणि एक भाड्याचा कॅमेरा घेऊन घरी आली. मला बोलावून घेतलं, कारण विज्ञानपट करायचा होता आणि मामा विज्ञानवाला. ओट्यावर बसून तिनं गोष्ट सांगितली. गावाला एक यंत्र मिळालंय. त्यानं ऑक्टोबरात पाऊस पाडता येतो, पण एकदाच, आणि सगळ्या शिवारावर सारखाच. दिवस कोणता, ते गावानं ग्रामसभा घेऊन ठरवायचं. बस, एवढीच गोष्ट.

मी लगेच मास्तर झालो. ढग कुठून येणार, यंत्र चालतं कशावर, एका गावावर पडतो तो शेजारच्या गावावर का पडत नाही, सगळं विचारलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मामा, मोटर विहिरीत असते. वावरात दिसतं ते पाणी.” मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण घरी येताना एसटीत तेच डोक्यात घोळत राहिलं आणि तेल्हारा मागं पडेपर्यंत मला पटलंही. विज्ञानपटाला एक थाप माफ असते. एकच. ती मारली की पुढं मात्र देवाशपथ खरं बोलायचं. दुसरी थाप मारली, की माणूस उठून चहा प्यायला जातो.

यंत्र म्हणून तिनं ग्रामपंचायतीच्या खोलीतलं कुलूप लावलेलं लोखंडी कपाट दाखवलं. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी त्या कपाटाला कुणीतरी, कुणी न सांगता, हळदकुंकू लावून गेलं होतं. मृणालनं ते पुसलं नाही.

चित्रीकरणाला मी पुन्हा हिवरखेडला गेलो आणि तिथंच राहिलो. ग्रामसभेच्या प्रसंगाला तिनं संवाद लिहिले नव्हते. गावातल्याच माणसांना बोलावलं आणि सांगितलं की असं यंत्र आहे असं समजा आणि तुम्ही जे बोलाल ते बोला. पंचायतीच्या ओट्यासमोर पुरुष सतरंजीवर, बायका उजवीकडे भिंतीला टेकून. पहिली काही मिनिटं सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. मग ज्यांची मळणी राहिली होती त्यांच्यापैकी एक म्हातारे उठले, शंकरराव त्यांचं नाव, आणि म्हणाले की दिवाळीपर्यंत पावसाचं नाव काढायचं नाही. त्यावर हरभरावाले उसळले. बाप्पा, तिथून पुढं कॅमेरा कुणाच्याही ध्यानात राहिला नाही. कुणी कुणाच्या मागच्या वर्षीच्या पेरणीची लाज काढली. कुणी विचारलं की गावाच्या पावसावर पुढाऱ्याच्या भावकीचा हक्क जास्त का. सरपंच खरे सरपंचच होते. ते खरोखर घामाघूम होऊन सगळ्यांना खाली बसवत होते.

वसंतराव उठले. त्यांचं सोयाबीन घरात येऊन पडलं होतं आणि हरभऱ्याचं बी तयार होतं. त्यांनी शांतपणे, मुद्देसूद सांगितलं की गावातल्या बहुतेकांची मळणी झाली आहे, तेव्हा दसऱ्याआधीच्या सोमवारी पाऊस पाडावा, म्हणजे ओलीवर पेरणी साधेल. माणसं माना हलवायला लागली. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

“अन् माह्या फुलाईचं काय?”

कुंदा उभी होती. खऱ्या ग्रामसभेत ती कधी बोललेली नाही, या खोट्या सभेत बोलली. दसऱ्याचा तोडा अजून व्हायचा होता, पट्टी नुसती पिवळी-केशरी पेटलेली होती. सोमवारी पाऊस म्हणजे तिचं वर्ष गेलं. वसंतरावांनी मान वळवली, जराशी हसली त्यांची मिशी, आणि ते सभेला उद्देशून बोलले, तिला नाही.

“फुलाईसाठी का गावानं पेरणी थांबवावी? झेंडू म्हंजे काही शेती नाही. तो बायकाईच्या हौसेचा भाग हाय.”

चारचौघे हसले. वाईट हसले असं नाही, हसतात तसं हसले. मग हात वर झाले. पुरुषांचे आधी, त्यामागून आपापल्या घरचा हात बघून बायकांचे. कुंदा खाली बसली होती, हात मांडीवर. ठराव झाला, सोमवार ठरला. मृणाल कॅमेऱ्यामागं खूश होती, कारण असा प्रसंग लिहून साधला नसता. मी मात्र बहिणीकडे बघत होतो. लहानपणी तिला कुणी खोटं पाडलं की ती अशीच तळहाताकडे बघत बसायची.

आता सांगतो ते ऐकून पुण्याकडचे लोक हसतात. सभा सिनेमातली होती हे गाव विसरलं. म्हणजे पुरतं विसरलं असं नाही. विचारलं तर सांगायचे, फिलम आहे म्हणून. पण ओट्यावर झालेला ठराव म्हणजे ठराव, ही सवय हाडात मुरलेली. हरभरावाले आणि गंजीवाले वेगवेगळ्या टपऱ्यांवर चहा प्यायला लागले. सरपंचांना रस्त्यात गाठून दोघांनी फेरविचाराचं विचारलं. आणि शंकररावांनी रविवारी संध्याकाळी गंजीवर ताडपत्री टाकून तिच्या कडेनं दगड ठेवले. आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. मी विचारलं, तर म्हणाले, फिलम तं फिलम, पण रिस्क कोन घेईन?

आणि घरात कुंदा नवऱ्याशी बोलेना. ताट वेळेवर, चहा वेळेवर, प्रश्नाला हूं किंवा नाही. वसंतरावांना आधी कळेचना की झालं काय. ते मला म्हणाले की सिनेमात बोललेलं एवढं कोण मनावर घेतं. मी म्हणालो, तुम्ही तरी कुठं सिनेमात बोललात? गेली कित्येक वर्षं ते तेच मानत आले होते. फक्त पाऊस ठरवायची पाळी कधी आली नव्हती, म्हणून बोलायची वेळ आली नव्हती.

चिटणिसांना हे कसं सांगू, हाच माझा प्रश्न आहे. थापेचं काम एवढंच असतं. माणसाला जे कधी निवडावं लागलं नसतं ते त्याच्यापुढं ठेवायचं. आभाळातून पडतो तोवर पाऊस कुणाचाच दोष नसतो. माझी फुलं गेली तर देवाला चार शब्द ऐकवायचे आणि नवऱ्यासोबत जेवायला बसायचं. पाऊस हातात आला की तो कुणाच्या तरी हातानं कुणावर तरी पडतो. मग जेवायला कसं बसायचं? मी इतकी वर्षं यंत्र तपासत बसलो होतो. ज्या सिनेमात ते यंत्र आल्यावर घरातली दोन माणसं एकमेकांशी कशी वागतात ते दिसतं, तो सिनेमा मला गंभीर वाटतो. यान उडालं नाही तरी चालेल.

पावसाचा प्रसंग मृणाल रिकाम्या वावरात करणार होती. तुषार सिंचनाच्या संचाचे नोझल उंच बांबूंना बांधायचे आणि विहिरीवरची मोटर सुरू करायची, की झाला पाऊस. रविवारी कुंदानं लेकीला सांगितलं की पाऊस माझ्या पट्टीवर पाड. मृणाल घाबरली. कडेच्या दोन ओळींवर पाडू म्हणाली, नाहीतर आधी तोडा करून घे म्हणाली. कुंदाचं एकच म्हणणं, ठरावात कडेच्या ओळी नव्हत्या, सगळं शिवार होतं. सिनेमा करायचा तर नीट कर. ती हट्टाला पेटली की आमचे वडीलही तिच्यापुढं हात टेकायचे.

सोमवार उजाडला. त्या आठवड्यात शेतीची लाइन, म्हणजे वीज, दिवसा होती. सकाळी बांबू उभे राहिले. बांबू उभे केले वसंतरावांनी, कारण संच त्यांचा, पाइप जोडायचं ज्ञान त्यांचं. गाव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमलं. फुलं इतकी भरात होती की त्यांच्याकडे बघणं जड जात होतं, मधमाश्यांचा एकसुरी आवाज चालू होता. मृणालनं हात वर केला. वसंतराव स्टार्टरपाशी उभे होते, बोट बटनावर. ते तसंच राहिलं. कुंदा पट्टीच्या मध्यावर उभी, तिथून म्हणाली की दाबा, सभेत ठरलंय. त्यांनी बोट काढलं, ओळींमधून चालत तिच्याजवळ गेले आणि हळूच काहीतरी बोलले. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. चुकलो म्हणाले.

कुंदा तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, “सभेत बोलले तुमी. धुऱ्यावर काहून सांगून राहिले?”

वसंतराव वळले आणि गावाकडे चालू लागले. मृणालला वाटलं, बाबा रागावले, सिनेमा बुडाला. धुऱ्यावरची माणसंही आपापल्या घरी पांगली. पण वसंतराव रागावले नव्हते. ते घरोघर फिरून माणसं गोळा करत होते. दुपारच्या उन्हात पुन्हा तीच सतरंजी अंथरली गेली, पुन्हा बायका भिंतीला टेकून बसल्या. माणसांना वाटलं चित्रीकरणाचं काही राहिलं असेल, म्हणून कुणी सदरा बदलून आलं होतं. मृणालनं कॅमेरा खांद्यावर घेतला, तेव्हा कुंदानं नुसती मान हलवून तिला तो खाली ठेवायला लावला. मृणालनं ठेवला. सिनेमा शिकलेल्या मुलीला ते किती अवघड गेलं असेल ते मला तिच्या तोंडावर दिसलं.

वसंतराव उभे राहिले. हात कुठं ठेवावे ते त्यांना सुचेना, त्यांनी ते मागं बांधले.

“त्या दिवशी म्या म्हनलं, झेंडू शेती नाही. ते चुकीचं बोललो. मृणालची माय शेतकरी हाय. माह्याइतकीच.”

आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. मग शंकररावांनी खाकरून सरपंचांना रीतसर विचारलं की मग आता सोमवारच्या पावसाचं काय समजायचं, ठराव रद्द का? सरपंचांनी वसंतरावांकडे बघितलं. वसंतरावांनी, गावासमोर, बायकोकडे बघितलं.

कुंदा उठून पदर खोचत होती. “ठराव तं ठराव हाय,” ती म्हणाली. “चाल मृणाल, लाइन जाईन. पाड तुहा पाऊस.”

पाऊस पडला. बांबूंवरून पाणी आधी फसफसलं, मग उंच जाऊन सगळ्या पट्टीवर सारखं उतरलं. ऊन होतं, त्यामुळे थेंब दिसत होते. झेंडूच्या जाड माना एकेक करून वाकत गेल्या. मातीचा वास उठला आणि त्यात फुलांचा तो उग्र, औषधी वास मिसळला. कुंदा मध्ये उभी होती, केस कपाळाला चिकटलेले, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला तिचा अभिमान वाटला. वसंतराव स्टार्टरपाशी होते. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कुठलं आणि नोझलचं कुठलं, हे मी बघायला गेलो नाही. दसऱ्याला त्या वर्षी त्यांच्या दारावर विकतच्या फुलांचं तोरण लागलं. ते वसंतराव अकोल्याहून घेऊन आले होते.

पुढल्या उन्हाळ्यात तो सिनेमा अकोल्यात एका छोट्या सभागृहात दाखवला. आम्ही मागच्या रांगेत होतो, कुंदा माझ्या शेजारी. सिनेमात सभा होती, ठराव होता, ताडपत्रीसुद्धा होती. वसंतरावांची ती दुसरी सभा अर्थातच नव्हती. शेवटी पट्टीवर पाऊस पडला, कुंदाचा चेहरा पडदाभर आला आणि दिवे लागले. टाळ्या बऱ्या झाल्या. मग एक अभ्यासू दिसणारे गृहस्थ उठले आणि त्यांनी मृणालला फार सभ्यपणे विचारलं, की सिनेमा विचार करायला लावतो यात शंका नाही, पण शेवटी एक गोष्ट खटकते. ज्या बाईचं अख्खं पीक डोळ्यांसमोर जातंय, तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान कसं? ही दिग्दर्शनातली चूक समजायची का?

मृणालनं आमच्या रांगेकडे बघितलं. मला राहवेना. चाळीस वर्षं उत्तरं देण्यात गेलेला माणूस मी, खुर्चीचा दांडा धरून अर्धा उठलोही होतो. कुंदानं माझी बाही ओढली.

“बस, दादा,” ती म्हणाली. “असू दे चूक.”